डिस्चार्जनंतर सुरू होणारं नातं

२०१० च्या ऑगस्टमध्ये जॉन्सन अँड जॉन्सनच्या डेप्यू या कंपनीनं खुब्याचा एक कृत्रिम सांधा जगभरातून परत मागवला. त्याचं नाव एएसआर. धातूवर धातू घासून कोबाल्ट आणि क्रोमियमचे कण रक्तात उतरत होते आणि बसवलेला सांधा पुन्हा शस्त्रक्रिया करून काढायची वेळ अनेकांवर येत होती. भारतात या सांध्याच्या सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. केंद्र सरकारनं नेमलेल्या तज्ज्ञ समितीचा अहवाल २०१८ मध्ये लोकांसमोर आला, तेव्हा कळलं की त्यातल्या सुमारे ३,६०० रुग्णांचा पत्ताच लागत नाही.

कंपनीचा दोष मोठा होता आणि समितीनं तो स्पष्ट नोंदवला. पण माझ्या मनात राहिला तो दुसराच आकडा. साडेतीन हजारांहून जास्त माणसं सदोष धातू अंगात घेऊन हिंडत होती आणि "एकदा रक्त तपासून घ्या" एवढं सांगायलाही ती कुणाला सापडत नव्हती. शस्त्रक्रिया चोख झाली असेल, खोलीत एसी असेल, परिचारिका गोड बोलल्या असतील. तरीही ज्या दिवशी रुग्णाला हॉस्पिटलची खरी गरज होती, त्या दिवशी दोघांमध्ये काहीच नातं उरलेलं नव्हतं.

हॉस्पिटलचं नाव कशानं होतं आणि रुग्णाशी नातं कशाला म्हणायचं, हा प्रश्न आज इंदुरात विचारायलाच हवा. १८७८ साली या शहरात वैद्यकीय शाळा सुरू झाली, तेव्हापासून माळवा आणि निमाड आजारपणात इंदूरकडेच बघत आले आहेत. एमवाय, म्हणजे महाराजा यशवंतराव हॉस्पिटल, हे गरिबाचं शेवटचं ठिकाण. त्याभोवती, गीता भवन-पलासियापासून विजयनगर आणि रिंग रोडपर्यंत, गेल्या काही वर्षांत मोठमोठी खासगी हॉस्पिटलं उभी राहिली. खरगोन, बडवानी, झाबुआ, धार, खंडवा इथून रुग्ण येतात. बुऱ्हाणपूरपलीकडून रावेर-सावद्याचे आपले मराठी लोकही येतात, कारण त्यांना मुंबई-पुण्यापेक्षा इंदूर जवळ पडतं. आता पुढची स्वप्नं पाहिली जात आहेत. २०१९ च्या जुलैत इथून दुबईला पहिलं आंतरराष्ट्रीय विमान उडालं, २०२३ च्या जानेवारीत प्रवासी भारतीय दिवसाचं संमेलन इथं भरलं, आणि आखातातले, आफ्रिकेतले रुग्णही इंदूरला यावेत असं बोललं जाऊ लागलं. स्वप्न वाईट नाही. सरकारी नोंदीनुसार २०१९ मध्ये जवळपास सात लाख परदेशी लोक उपचारांसाठी भारतात आले. त्यातले काही इंदूरला का येऊ नयेत?

यावेत. पण आज आपली हॉस्पिटलं 'कस्टमर रिलेशन'च्या नावाखाली जे करतात, त्या बळावर ते येणार नाहीत, आणि आले तरी दुसऱ्याला पाठवणार नाहीत. हॉस्पिटलचं नाव डिस्चार्जनंतर तयार होतं. बिल भरून माणूस घरी गेल्यावर पुढचे तीन महिने त्याला कसं वागवलं, यावर ते ठरतं. आणि नेमक्या त्या तीन महिन्यांवर आपल्याकडे सगळ्यात कमी पैसा आणि सगळ्यात कमी माणसं लावलेली असतात.

रामबागेत आमच्या ओळखीच्या एक काकू आहेत. त्यांच्या यजमानांचं एका खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत निधन झालं. पुढच्या वर्षी त्यांच्या जन्मतारखेला काकूंच्या फोनवर त्याच हॉस्पिटलचा संदेश आला. यजमानांचं नाव घालून वाढदिवसाच्या शुभेच्छा, खाली फुलांचं चित्र, आणि संपूर्ण आरोग्य तपासणीवर वाढदिवसानिमित्त खास सवलत. काकूंनी फोन माझ्यापुढे धरला आणि एवढंच विचारलं, "हे बंद कसं करायचं रे?" मृत्यूचा दाखला त्याच इमारतीत तयार झाला होता. बिलाच्या खात्यात सगळी रक्कम चुकती झाल्याची नोंद होती. तरी संदेश पाठवणाऱ्या संगणकाला त्या माणसाची फक्त जन्मतारीख ठाऊक होती.

याला तांत्रिक चूक म्हणून सोडून देता येत नाही. रुग्णसंपर्काच्या या प्रणाली मुळात विक्रीसाठी बनल्या आणि हॉस्पिटलांनी त्या तशाच उचलल्या. त्यांच्या पडद्यावर माणूस 'लीड', म्हणजे संभाव्य गिऱ्हाईक असतो. जाहिरात बघून फोन केला, ओपीडीत आला, भरती झाला, अशा पायऱ्या असतात आणि प्रत्येक पायरीवर किती जण टिकले ते मोजलं जातं. भरती झाली की त्यांच्या हिशेबी काम फत्ते. त्यानंतर तो माणूस पुन्हा दिसतो तो सवलतीच्या संदेशापुरता, नाहीतर गूगलवर पाच तारे द्या म्हणून गळ घालण्यापुरता. टाके सुकले का, रक्त पातळ करणारी गोळी त्यानं गावी जाऊन चालू ठेवली का, मूत्रपिंडाचा अहवाल महिन्यानं पुन्हा काढला का, यासाठी त्या पडद्यावर रकाना नसतो.

एक रकाना मात्र जवळपास प्रत्येक नोंदणी फॉर्मवर असतो. 'रेफर्ड बाय'. तुम्हाला कुणी पाठवलं? वैद्यकीय दृष्टीनं हा प्रश्न रास्त आहे, कारण आधीच्या डॉक्टरला उपचारांची माहिती परत कळवायला हवी. पण त्या रकान्यातलं नाव बहुतेक वेळा दुसऱ्याच कामाला येतं, हे या धंद्यातल्या कुणालाही सांगावं लागत नाही. कट. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनं रुग्ण पाठवण्याबद्दल कमिशन देणं-घेणं दोन्ही निषिद्ध केलं आहे. तरी हॉस्पिटलचे पीआरओ, म्हणजे जनसंपर्क अधिकारी, तालुक्यातालुक्यांत फिरतात, दवाखान्यांत बसतात, ॲम्ब्युलन्सवाल्यांशी संधान बांधतात. परदेशी रुग्णाच्या बाबतीत हेच काम 'फॅसिलिटेटर' नावाचा मध्यस्थ करतो आणि त्याचा वाटा बिलातूनच जातो.

नैतिकतेचा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवून फक्त नावाचा हिशेब करू. खरगोनजवळच्या गावातल्या माणसाला तिथल्या डॉक्टरनं इंदूरला पाठवलं, तर त्याचा विश्वास त्या डॉक्टरवर असतो. हॉस्पिटलनं तो विश्वास पैसे मोजून तात्पुरता वापरायला घेतलेला असतो. उद्या शेजारच्या हॉस्पिटलनं जास्त कट दिला की तोच डॉक्टर पुढच्या रुग्णाला तिकडे पाठवेल. दरवर्षी नव्यानं विकत घ्यावं लागतं त्याला कमावलेलं नाव म्हणता येत नाही. मुंबईच्या एशियन हार्ट इन्स्टिट्यूटनं २०१७ मध्ये आम्ही डॉक्टरांना कमिशन देत नाही असं जाहीर सांगणारा फलक लावला, तेव्हा वैद्यकीय संघटनेनं त्याला आक्षेप घेतला. त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारनं कट प्रॅक्टिसविरुद्ध कायद्याचा मसुदा तयार केला. मसुद्याचं पुढे काय झालं यापेक्षा मला तो फलक महत्त्वाचा वाटतो. आमच्या बिलात तिसऱ्याचा वाटा नाही, हे एखाद्या हॉस्पिटलला मोठ्या अक्षरांत सांगावंसं वाटलं, कारण लोकांना तेच ऐकायचं होतं.

हॉस्पिटल चालवणाऱ्यांची बाजू मी समजू शकतो. कॅथ लॅब आणि एमआरआयच्या कर्जाचे हप्ते दर महिन्याला जातात. विमा कंपन्या आणि सरकारी योजना पैसे उशिरा देतात. खाटा रिकाम्या राहिल्या तर परिचारिकांचे पगार निघत नाहीत. नवं हॉस्पिटल असेल तर लोकांना ते आहे हे कळवावंच लागतं. हे सगळं खरं. माझं म्हणणं जाहिरात बंद करा असं नाही. माझं म्हणणं आहे की त्या खर्चातला मोठा भाग डिस्चार्जच्या टेबलापाशी आणा, कारण हॉस्पिटलची सगळ्यात प्रभावी जाहिरात तिथूनच बाहेर पडते, आणि तिथेच ती सगळ्यात वाईट होते.

ते टेबल मी जवळून पाहिलं आहे. सकाळच्या राउंडला डॉक्टर म्हणतात, "आज घरी जा." त्यानंतर टीपीएची, म्हणजे विम्याचे दावे बघणाऱ्या मध्यस्थ संस्थेची मंजुरी, फार्मसीचा हिशेब, औषधं परत करणं, यांत दुपार उलटते. बाजूला सनावदचं एक कुटुंब बसलं होतं. आजोबांचं हृदयाचं ऑपरेशन झालेलं, सुनेच्या मांडीवर कापडी पिशवी आणि पिशवीत एक्स-रे, सीडी, रिपोर्ट एकात एक घुसलेले. शेवटची बस चुकेल म्हणून मुलाचा जीव खालीवर. अखेर खिडकीतून कागद आले. सगळी डिस्चार्ज समरी इंग्रजीत. औषधांपुढे १-०-१. खिडकीतल्या मुलीनं पेनानं तीन गोळ्यांवर खुणा केल्या आणि घाईनं म्हणाली, "इसको बंद मत करना." मुलानं विचारलं, किती दिवस? मागची रांग पुढे सरकली. सुनेनं समरीवरचा फोन नंबर तिथंच लावून पाहिला. अपॉइंटमेंटसाठी एक दाबा, हेल्थ पॅकेजसाठी दोन दाबा. रात्री छातीत धडधडलं तर काय दाबायचं, ते त्या यंत्राला ठाऊक नव्हतं.

ती मुलगी वाईट नव्हती. तिच्यापुढे अजून बऱ्याच फायली होत्या. पण आजोबा सनावदला पोचल्यावर त्या ऑपरेशनचं भवितव्य तिच्या त्या एका वाक्यावर अवलंबून होतं. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट घातल्यावर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या मध्येच सोडल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन झटका येऊ शकतो. लाखो रुपयांचं काम काही रुपयांच्या गोळीवर टिकून असतं. ती गोळी का घ्यायची हे हिंदीत, निमाडीत, मराठीत बसून समजावणारी एक अनुभवी परिचारिका ठेवली तर तिचा पगार हॉस्पिटलला जड नाही. रस्त्यावरच्या मोठ्या फलकाच्या भाड्यापेक्षा तर नक्कीच नाही.

शिवाय यातलं बरंचसं रुग्णाचं हक्काचं आहे, कुणाची मेहेरबानी नाही. त्याच २००२ च्या आचारसंहितेनुसार भरती झालेल्या रुग्णाच्या नोंदी तीन वर्षं जपून ठेवायच्या असतात, आणि रुग्णानं मागितल्या तर ७२ तासांत द्यायच्या असतात. आयुष्मान योजनेच्या पॅकेजमध्ये घरी गेल्यानंतरच्या १५ दिवसांची औषधं आणि तपासण्यांचा खर्च धरलेला असतो. हे किती रुग्णांना निघताना सांगितलं जातं? माहिती संरक्षणाचा २०२३ चा कायदा सांगतो की ज्या कामासाठी संमती घेऊन माहिती घेतली, त्याच कामासाठी ती वापरायची. उपचारासाठी दिलेल्या नंबरावर पॅकेजची जाहिरात पाठवणारी हॉस्पिटलं या कायद्याच्या कोणत्या बाजूला उभी आहेत, ते त्यांनी स्वतःच वाचून पाहावं.

इंदूरपाशी आणखी एक मोठं भांडवल आहे, ते शहराच्या नावाचं. २०१७ पासून स्वच्छतेत इंदूरचं नाव देशात सलग वर राहिलं. बाहेरगावचा माणूस इथं उतरला की आधी रस्ते बघतो. हे नाव फलकांनी मिळालेलं नाही. पहाटे गाडी येते, ओला-सुका कचरा वेगळा घेते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येते, यानं ते मिळालं. हॉस्पिटलांना वाटतं हे नाव आपल्यालाही आपोआप चिकटेल. तसं होत नाही. २०२५ च्या ऑगस्टअखेरीस एमवायच्या नवजात अतिदक्षता विभागात दोन बाळांना उंदीर चावले आणि ती दोन्ही बाळं गेली. मृत्यूच्या कारणावर वाद झाले, चौकश्या झाल्या. पण देशातल्या सगळ्यात स्वच्छ शहराच्या सगळ्यात मोठ्या सरकारी हॉस्पिटलात अतिदक्षता विभागापर्यंत उंदीर पोचतात, ही बातमी कोणत्याही पुरस्कारापेक्षा लांब गेली. त्याआधी २०१९ मध्ये याच शहरात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर संसर्ग होऊन अनेकांची एका डोळ्याची दृष्टी गेली होती. अशा वेळी लोक एकच गोष्ट लक्षात ठेवतात: हॉस्पिटलनं स्वतःहून सांगितलं, की वर्तमानपत्रातून कळलं?

याच शहरानं विश्वास कसा मिळवायचा हेही दाखवून दिलं आहे, आणि ते मला फार मोलाचं वाटतं. २०१५ पासून इंदुरात मेंदूमृत व्यक्तींच्या अवयवदानासाठी ग्रीन कॉरिडॉर होऊ लागले. पोलीस रस्ते मोकळे करतात, गाडी विमानतळाकडे सुटते, चौकाचौकांत लोक थांबतात. जे घर काही तासांपूर्वी कोसळलेलं असतं, ते घर होकार देतं. असा होकार कोणतंही मार्केटिंग मिळवून देऊ शकत नाही. तो मिळतो कारण स्वयंसेवक आणि समुपदेशक त्या कुटुंबाजवळ बसतात, खोटं बोलत नाहीत, आणि अंत्यसंस्कारानंतरही त्यांची विचारपूस करत राहतात. एवढा विश्वास ज्या शहरात मिळू शकतो, तिथं रुग्णाला साधा फॉलो-अपचा फोन जाऊ नये, याचं मला फार वाईट वाटतं.

परदेशी रुग्णाच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच टोकदार होतो. ई-मेडिकल व्हिसा साठ दिवसांचा असतो, सोबत दोन माणसं येऊ शकतात. म्हणजे गुडघा बदलून, टाके काढून, थोडा व्यायाम शिकून माणूस परत जातो. संसर्ग उशिरा डोकं वर काढतो, इम्प्लांट, म्हणजे शरीरात बसवलेला कृत्रिम भाग, सैल व्हायचं असेल तर वर्षांनी होतं. तेव्हा तो मस्कतला किंवा नैरोबीला असतो. २०२० च्या मार्चमध्ये आलेली टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं भारताबाहेरच्या रुग्णाच्या सल्लामसलतीला लागू होत नाहीत, ते त्यांच्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणून नुसतं "व्हिडिओ कॉलवर बघू" म्हणून भागणार नाही. त्याच्या गावातल्या एखाद्या डॉक्टरशी आधीच बोलणं झालेलं हवं, त्याच्याकडे शस्त्रक्रियेचा पूर्ण तपशील हवा, इम्प्लांटचा लॉट नंबर रुग्णाच्या हातातल्या कार्डावर हवा. प्रत्येक इम्प्लांटच्या डब्यात त्या नंबराचे स्टिकर येतात. ते आपल्याकडे फाइलीत चिकटवले जातात आणि फाइल तळघरात जाते. एएसआरच्या वेळी रुग्ण सापडले नाहीत याची एक वाट त्या तळघरातून जाते.

आणि जे हॉस्पिटल सनावदच्या आजोबांना सांभाळू शकत नाही ते नैरोबीच्या रुग्णाला सांभाळेल यावर माझा विश्वास नाही. 'इंटरनॅशनल पेशंट लाउंज' वेगळा करता येतो, दुभाष्या ठेवता येतो, पण फॉलो-अपची सवय एका मजल्यापुरती लावता येत नाही. मदुराईच्या अरविंद नेत्रालयाकडे पाहावं. १९७६ मध्ये अकरा खाटांवर ते सुरू झालं. पैसे देणाऱ्याला आणि न देणाऱ्याला तेच डॉक्टर, तेच काम, आणि गुंतागुंत किती रुग्णांत झाली याचा हिशेब ठेवून त्यावरून सुधारणा. जगभरातून लोक तिथं शिकायला येतात. गरिबाच्या डोळ्यावर नीट केलेल्या कामातून ते नाव उभं राहिलं.

मोजण्याची यंत्रणा आपल्याकडेही आहे. एनएबीएच या राष्ट्रीय मंडळाचं गुणवत्ता मानांकन घेतलेल्या हॉस्पिटलांना शस्त्रक्रियेच्या जखमेतला संसर्ग, व्हेंटिलेटरवरचा न्यूमोनिया, कॅथेटरमुळे होणारा संसर्ग यांचे आकडे ठेवावेच लागतात. ते गुणवत्ता विभागाच्या संगणकात पडून असतात आणि तपासणीच्या दिवशी बाहेर येतात. ते रिसेप्शनच्या भिंतीवर का लागू नयेत? हॉस्पिटलं म्हणतील, लोक आकड्यांचा चुकीचा अर्थ काढतील, अवघड रुग्ण घेणाऱ्याचे आकडे वाईट दिसतील. दुसरा आक्षेप खरा आहे आणि त्यावर उपाय आहे, अवघड रुग्णांचा हिशेब वेगळा दाखवायचा. पहिला आक्षेप मला पटत नाही. निमाडचा शेतकरी कपाशीचे भाव, बियाण्याची उगवण, कर्जाचं व्याज रोज समजून घेतो. शंभर ऑपरेशनांत किती जखमा चिघळल्या, हे त्याला नक्की समजेल.

मध्य प्रदेशात खासगी हॉस्पिटलांची नोंदणी १९७३ च्या राज्य कायद्याखाली होते आणि ठरावीक काळानं तिचं नूतनीकरण होतं. तेव्हा खोल्या, खाटा, डॉक्टर, अग्निशमन, जैविक कचरा असं सगळं तपासलं जातं. माझी मागणी त्याच अर्जात तीन प्रश्न वाढवण्याची आहे. गेल्या वर्षी तुमच्याकडे शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांपैकी किती जणांशी तिसाव्या दिवशी तुमचा माणूस बोलला? तुम्ही बसवलेलं एखादं इम्प्लांट उद्या कंपनीनं परत मागवलं, तर किती दिवसांत सगळ्या रुग्णांना कळवाल? आणि रात्री दोन वाजता तुमच्या समरीवरचा नंबर लावला तर कोण उचलतं? तिसऱ्याचं उत्तर तपासायला अधिकाऱ्यानं इंदूरला यायचीही गरज नाही. भोपाळहून फोन लावला तरी पुरे.